तळ्यापलीकडचं डोकं

२३ ऑगस्ट

आज सात डोकी आली. पिशव्या पायरीवर ठेवून माणसं परत गेली, दार कुणी वाजवलं नाही. खिडकीतून मी हात केला, तर एकाने टोपी सारखी केल्यासारखं करून पाठ फिरवली. शाळेत असताना मी त्याचं नाक पुसलंय.

गेल्या हंगामात आमच्या आउस्टलीच्या पठारावर एका रेनडिअरच्या मेंदूत झिजरोग सापडला. तेव्हापासून नियम असा, की जो कुणी रेनडिअर मारेल त्याने डोकं माझ्याकडे आणून द्यायचं. मी मेंदूच्या देठाचा तुकडा आणि जबड्यामागच्या गाठी काढून ओस्लोला पाठवते. मग शिकाऱ्याच्या फोनवर निरोप येतो, ‘रोग आढळला नाही.’ तो आला की घरात मांस शिजतं. एकही डोकं आणखी ‘आढळला’ निघालं, तर पठार दुभागणाऱ्या तळ्याच्या अलीकडचा, पूर्वेचा अख्खा कळप, सहाशेच्या आसपास जनावरं, सरकार मारून टाकणार. हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. म्हणून लोक माझ्याकडे असं बघतात, जसा काही रोग मीच पिशवीतून घेऊन आलेय.

इंगेब्योर्ग, म्हणजे आमची विभागप्रमुख, म्हणाली होती, “बोर्गहिल्ड, तू तिथलीच. तुझ्यावर विश्वास ठेवतील.” तिला काय माहीत, पिकतं तिथे विकत नाही.

मुक्काम धाकट्या भावाकडे, तार्यायकडे. मेंढ्या पाळतो. दरीत त्याच्यासारखा नेमबाज नाही. बायको बेर्गेनला निघून गेल्यापासून तो आणि त्याचा कुत्रा, एवढंच घर. गोठ्यालगतच्या जुन्या दूधखोलीत त्याने मला टेबल मांडून दिलंय, वर चांगला दिवाही लावलाय. बोलत काही नाही, पण कामाला नाही म्हणत नाही. तेवढंच मला पुरतं.

२९ ऑगस्ट

गावाच्या सभागृहात माझं भाषण झालं. माणसं पुष्कळ, टाळ्या दोन. त्यातली एक शेजारच्या गुनवोरची.

शिकारी मंडळाचा अध्यक्ष स्वेनुंग पहिल्याच रांगेत हातांची घडी घालून बसला होता. मी सुरुवात करायच्या आत म्हणाला, “ओस्लोवाल्यांकडे डोकी कमी पडली म्हणून आमच्या दारात आलीस का गं?” सभागृह हसलं. मीही हसले, नाहीतर रडले असते.

मी शक्य तितकं सोपं सांगितलं. हा जंतू नाही, विषाणू नाही. जनावराच्या अंगातलंच एक प्रथिन वेडीवाकडी घडी पडून बसतं आणि शेजारच्यालाही तसंच वाकवतं. जनावर झिजतं, लाळ गाळतं, माणसाला भ्यायचं विसरतं. मेल्यावर ते प्रथिन मातीत वर्षानुवर्षं टिकतं. थंडीने मरत नाही, शिजवून मरत नाही, चुलीच्या आगीतही मरत नाही. दाट कॉस्टिक सोडा किंवा सरकारी भट्टी, एवढेच दोन उपाय. म्हणून आजारी जनावर दिसलं तर मातीत पुरू नका.

मागून कुणीतरी विचारलं, माणसाला होतो का? मी नेहमीचं उत्तर दिलं, “माणसात आजवर आढळलेला नाही.”

तार्याय शेवटच्या रांगेत होता. गाडीत बसल्यावर म्हणाला, “आढळलेला नाही म्हणजे नाही, ना?”

मी म्हटलं, आमच्या धंद्यात असंच बोलतात. आढळला नाही म्हणजे शोधला तिथे सापडला नाही.

“एकच झालं की,” तो म्हणाला.

एकच नव्हे. पण मी दमले होते आणि त्याने मला पाठीमागे लोक काय बोलले ते सांगितलं नाही, याबद्दल त्याचे उपकारच होते. वाद वाढवला नाही.

६ सप्टेंबर

आज पठारावर गावाचं श्रमदान. मेंढीवाले पिढ्यान्‌पिढ्या वर मिठाचे दगड ठेवत आले. मेंढ्या चाटतात, रेनडिअरही येऊन चाटतात, लाळेत लाळ मिसळते. तेव्हा सगळे दगड उचलायचे आणि त्यांच्या खालच्या जमिनीला तारेचं कुंपण घालायचं, असं ठरलं. मला शिव्या देणारेही कुदळी घेऊन हजर होते. श्रमदानाला न येणं म्हणजे आमच्याकडे नाक कापलं जाणं.

कॉफीच्या वेळी माझ्या दोन्ही बाजूंची जागा मोकळी. शेवटी गुनवोर वॅफलचा डबा घेऊन धपकन शेजारी बसली. “रोग लागेल तुला,” मी म्हटलं. “मला लागायचं काही उरलेलं नाही बाई,” ती म्हणाली, “संधिवाताला विचार.”

बापाने मांडलेली मिठाची जागा तार्यायने स्वतः खणली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. काम झाल्यावर कुंपणाबाहेर उभा राहून तो बराच वेळ कळपाकडे बघत होता. उतारावर शंभरेक जनावरं चरत होती. मला म्हणाला, “हे नसले तर वर यायचं कशाला?” मी म्हटलं, मेंढ्या आहेत ना. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी कुदळ उचलून खाली चालू लागले.

१२ सप्टेंबर

तार्याय काल होडीने तळ्यापलीकडे शिकारीला गेला होता, पश्चिमेच्या बाजूला. तिकडचा कळप मोठा, काही हजारांचा, आणि आजवर तिकडून आलेल्या एकाही डोक्यात रोग आढळलेला नाही. आज संध्याकाळी भर पावसात परतला, आणि तोही रिकाम्या हाताने. मी चिडवलं, दरीतला पहिला नेमबाज आणि सशाचीही शिकार नाही? तो हसला नाही. होडी ओढायला गेले तर नको म्हणाला, आत जा, भिजशील. मी काय मिठाची आहे?

पण एका गोष्टीने जीव सुखावला. अंगणात त्याने टबभर कॉस्टिक सोडा कालवला आणि त्यात सुऱ्या, कुऱ्हाड, अगदी रेनकोटसुद्धा बुडवून ठेवला. रिकाम्या हाताने आलेला माणूस इतकी काळजी घेतो. चला, एका माणसाने तरी माझं भाषण कान देऊन ऐकलं. कुंपणापलीकडून गुनवोर ओरडली, “काय रे, नाताळची मासळी आत्ताच भिजत घातलीस?” सुका कॉड आम्ही याच सोड्यात भिजवतो, म्हणून. तार्याय म्हणाला, हो, यंदा लवकर.

उद्या इंगेब्योर्गला कळवणार आहे, की लोकांमध्ये जागृती दिसू लागली.

१९ सप्टेंबर

माझ्या भावाला झालंय काय, मला समजत नाही.

गेला आठवडाभर तो अंगणापलीकडच्या जुन्या चुलीच्या स्वयंपाकघरात वेगळं शिजवतो. मला घरात मासा, बटाटे, लोणी, सगळं वेळेवर. स्वतः मात्र तिकडे जाऊन रेनडिअरचा रस्सा खातो. गेल्या वर्षीचं मांस आहे म्हणे. वास तर ताज्यासारखा येतो. काल मी ताटली घेऊन गेले, म्हटलं मलाही दे, किती दिवसांत खाल्लं नाही. त्याने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाला, “तुझ्यापुरतं नाही.”

एका बशीत जेवलेली भावंडं आम्ही. आई गेल्यावर माझ्या सोळाव्या वर्षापासून मी त्याला करून घातलंय. गावाने वाळीत टाकलं ते सोसलं, पण पातेलं वेगळं, डाव वेगळा, ताटलीसुद्धा वेगळी, हे मला लागलं. रागावलाय माझ्यावर, दुसरं काय. तोंडाने बोलत नाही, पातेल्याने बोलतो.

कुत्र्याशीही असाच वागतो. पूर्वी हाडं त्यालाच जायची. आता तो जेवताना कुत्र्याला दाराबाहेर बांधतो. बिचारं केविलवाणं रडतं. मी माझ्या ताटातला मासा त्याला देते. आम्ही दोघे एका पंगतीला.

२६ सप्टेंबर

आज कोबी-मटणाचा दिवस. सगळ्या नॉर्वेत आज हेच शिजतं. गुनवोरला बोलावलं होतं. मोठं पातेलं चढवलं, मिरे सढळ हाताने टाकले. तार्याय आमच्या टेबलाशी बसला खरा, पण पुढ्यात आपलंच पातेलं.

गुनवोर म्हणाली, “अरे, सणाचं तरी माणसांत जेव. अस्वलासारखं एकट्याने काय खातोस?”

“संपवायचंय,” तो म्हणाला.

“टाकून दे की, गेल्या वर्षीचं ना?”

“आमच्या घरात अन्न टाकत नाहीत.” एवढं बोलून तो खाली मान घालून चावत राहिला. त्याला ते आवडत असेल असं चेहऱ्यावर काही दिसलं नाही. शाळेतली काढ्याची बाटली आठवली, रोज एक चमचा, नाक दाबून.

मग अचानक मला विचारलं, हाडांना किती सोडा लागतो? मी सांगितलं. आजच्या दिवसाचं त्याचं बोलणं तेवढ्यात संपलं.

३० सप्टेंबर

हंगाम संपला. शेवटची पिशवी स्वेनुंगने आणली. बेल वाजवली. या हंगामात बेल वाजवणारा तो पहिला.

मादी होती, पूर्वेच्या उतारावरची. हाडांवर कातडं. त्याला बघून पळाली नाही, मान खाली घालून उभी राहिली, तोंडातून लाळ. त्याला लगेच कळलं. पिशवी माझ्या हातात देताना म्हणाला, “घे. हेच हवं होतं ना तुला?” मग पायरीवरच बसला. पुरून टाकावं असं मनात आलं होतं, असं त्याने सांगितलं. आपल्यापुरतं ठेवलं असतं तर कळप वाचला असता. मी विचारलं, मग का आणलंस? “तू मातीचं सांगितलंस ना,” तो म्हणाला. “माझी नातवंडं याच मातीत खेळणार.”

मी त्याला कॉफी दिली. तार्याय गोठ्याच्या दारात उभा राहून सगळं ऐकत होता. आत आला नाही.

५ ऑक्टोबर

आढळला.

१२ ऑक्टोबर

निर्णय झाला. नोव्हेंबरात पूर्वेचा कळप संपवायचा. हेलिकॉप्टर, बर्फावरच्या मोटारी, पगारी नेमबाज. मोठी जनावरं, वासरं, सगळी. मग काही वर्षं पठार मोकळं ठेवायचं.

इंगेब्योर्गचा सूर फोनवर जवळजवळ आनंदी होता. पश्चिमेकडची शेकडो डोकी तपासली, एकातही नाही. तळ्याने अडवलं, ती म्हणाली. रोग एका बाजूला आहे तोवर उपाय आहे. तिचं बरोबर आहे. न्याहारीला मी हेच तार्यायला समजावत होते, की हा कळप जातोय, पण त्याच्या मरणाने पलीकडचे हजारो जगतील, निदान फुकट तरी जात नाही. त्याने कप खाली ठेवला आणि उठून गेला. भरलेला कप. मी ब्रेडवर चीज लावत राहिले. मला वाटलं होतं, या बोलण्याने त्याला बरं वाटेल.

२ नोव्हेंबर

सुरू झालं. सकाळपासून पठारावर हेलिकॉप्टरचा आवाज. आता पिशव्या नाहीत, खोकी येतात. स्वेनुंग नेमबाजांमध्ये आहे. तार्यायला बोलावणं आलं होतं, तो नाही म्हणाला. परके लोक जखमी करून सोडतील, आपल्यातल्याने केलेलं बरं, असं स्वेनुंग त्याला विनवून गेला. तरी नाही.

आज वासरांची डोकी जास्त होती. मी शास्त्रज्ञ आहे, मला हे काम येतं, मी ते नीट केलं. दुपारी हात धुतले आणि तिथेच जमिनीवर बसले. कुत्रा येऊन शेजारी टेकला. मला आज माणूस दिसायला नको होता, कुत्रा चालणार होता.

९ नोव्हेंबर

आज जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मीच त्याला वेगळं वळण देईन.

दुपारी दूधखोलीत होते. तार्याय आला, हातात काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी. टेबलावर ठेवलं. बर्फासारखं गोठलेलं. वर दोन पदरी पिशवी, चिकटपट्टी, अगदी मी सभेत दाखवलं होतं तसं. मी पट्टी कापली. रेनडिअरचं डोकं होतं. नर, तरणा.

“तपास,” तो म्हणाला.

मी विचारलं, कुणाचं? मीच मारलेलं. कधीचं? सप्टेंबरातलं. “पाऊस होता त्या दिवसाचं.” मग मला कळलं आणि तरी मी विचारलं, कुठे मारलास?

“पलीकडे.”

नर एकटाच उभा होता, तळ्याच्या पश्चिम काठाला. तार्याय अगदी जवळ गेला तरी हलला नाही. लाळ. त्याला वाटलं, हे डोकं बोर्गहिल्डकडे गेलं तर दोन्ही कळप जातील, इकडचाही आणि तिकडचाही. म्हणून आसपास कुणी नाही असं बघून त्याने सगळं होडीत घातलं. रक्त सांडलेली माती आणि शेवाळसुद्धा खरवडून पिशवीत भरलं. एक थेंब जमिनीला राहू दिला नाही, असं तो दोनदा म्हणाला, मी शाबासकी द्यावी तसं.

“आता का सांगतोस?”

“तू म्हणालीस ना, इकडचे मेले की तिकडचे वाचतील. तिकडे तर आधीच आहे. मग वर ती वासरं कशाला मारताय? रोज गोळ्या ऐकू येतात. हेलिकॉप्टर ऐकू येतं.” तो भिंतीकडे बघून बोलत होता. “माहीत असून गप्प बसलो तर ती खरंच फुकट जातील.”

मग मी तो प्रश्न विचारला. बाकीचं कुठे आहे, धड?

त्याने टेबलावरची कापलेली पट्टी उचलून बोटाला गुंडाळली.

“तार्याय, मांस कुठे आहे?”

“थोडं फ्रीझरमध्ये आहे. बाकीचं माझ्यात.”

माझ्या तोंडून कसला आवाज निघाला ते मला माहीत नाही. कुत्रा उठून बाहेर गेला. मी त्याला मूर्ख म्हटलं, गाढव म्हटलं, लहानपणी म्हणायचे ते सगळं म्हटलं. मग तो म्हणाला, “ठेवणार कुठे होतो? मातीत नको म्हणालीस. चुलीत जळत नाही म्हणालीस. सरकारी भट्टीत दिलं असतं तर कुणाचं म्हणून विचारलं असतं. कोल्ह्यांनी उकरलं असतं. माणसात नाही, हे तूच म्हणालीस. मग माणसात ठेवलं.”

मी नाही म्हणाले नव्हते. मी ‘आढळलेला नाही’ म्हणाले होते. सभागृहात शंभर माणसं बसली होती आणि मी ते असं सांगितलं, जसं आम्ही एकमेकांना सांगतो. त्याने गाडीत मला विचारलंसुद्धा होतं.

आणि पातेलं. वेगळा डाव, वेगळी ताटली, दाराबाहेर बांधलेला कुत्रा. मी इथे याच वहीत रडगाणं गायलंय, की भाऊ रागावलाय, वाटा देत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आयुष्यभर या रोगाचा अभ्यास केला आणि तो माझ्या अंगणात शिजत होता तेव्हा मी वास घेऊन म्हटलं, ताजा वाटतो.

मी त्याला विचारलं, माणसाला होत नाही असं तुला एवढं नक्की वाटत होतं, तर मला का दिलं नाहीस?

बुटाच्या टोकाने त्याने फरशीवरचं पाणी पुसल्यासारखं केलं आणि म्हणाला, “तुला मासा आवडतो.”

१० नोव्हेंबर

खरं लिहिते. आज सकाळी मी ते डोकं सोड्याच्या पिंपात टाकणार होते. खोकी भरून डोकी येतायत, एक कमी-जास्त कुणाला कळणार? पलीकडचे हजारो जगले असते. माझा भाऊ वाचला असता, दंडातून, परवाना जाण्यातून, लोकांच्या तोंडातून. मी झाकण उघडलंही होतं.

काही वर्षं जगले असते. मग हळूहळू झिजले असते, वासरांना देऊन, मातीला देऊन, पुढच्या दरीतल्या कळपांना देऊन. आणि इकडच्या वासरांना आम्ही एका खोट्या नकाशासाठी मारलेलं असतं.

तार्याय दारात उभा होता. मी नमुना काढला, नळीत भरला, सील केला. ते होईपर्यंत तो तिथून हलला नाही. मग फ्रीझरमधलं उरलेलं मांस आणि सोड्यात घातलेली हाडं त्याने स्वतः बंद पिंपांत भरून भट्टीच्या गाडीवर चढवली. गाडीवाल्याने विचारलं, कुणाचं? तार्यायने आपलं नाव सांगितलं.

१७ नोव्हेंबर

आढळला. मेंदूतही, गाठींतही.

इंगेब्योर्गने फोनवर कोण, कुठे, कधी, ते विचारलं आणि मी सगळं सांगितलं, माझ्या भावाचं नाव धरून. ती म्हणाली, म्हणजे पश्चिमही. पश्चिमेच्या कळपाचं काय करायचं हे ओस्लोत ठरेल, पण आम्हा दोघींनाही ते माहीत आहे. शेवटी तिने हळूच विचारलं, “आणि त्याने ते खाल्लं?”

“दोन महिने.”

मी तिला प्रमुख म्हणून नव्हे, माझ्याहून जास्त शिकलेली म्हणून विचारलं, होईल का त्याला? तिने तेच वाक्य म्हटलं, जे मी सभागृहात म्हटलं होतं. पहिल्यांदाच ते मला दुसऱ्या बाजूने ऐकू आलं. त्यात धरायला काहीच नाही.

२१ नोव्हेंबर

गावात कळलं. मला वाटलं होतं दगड येतील. आली गुनवोर, कोबी-मटणाचं पातेलं घेऊन. तार्यायच्या डोक्यात तिने टपली मारली, “मेल्या, मला म्हणाला असतास तर मी सांगितलं असतं, तुझ्या बहिणीचं एक वाक्य दोनदा विचारून घे म्हणून,” आणि मग त्याच्या खांद्यावर तोंड ठेवून रडली.

स्वेनुंग अंगणात आला, आत नाही. मी ते पुरलं नाही आणि तू खाल्लंस, तो म्हणाला. दोघे गोठ्याशी उभे राहून पठाराकडे बघत होते. आता वर काही हलत नाही. काल हेलिकॉप्टर गेलं.

२८ नोव्हेंबर

तार्यायला घेऊन शहरातल्या इस्पितळात गेले. तपासण्या काही नाहीत, कारण तपासायला काही नाही. जिवंत माणसात हे शोधायची रीत अजून कुणाकडे नाही. डॉक्टरीण बाई तरुण, नीट बोलणारी. तिने घाई केली नाही, मला आवडली. म्हणाली, जगात अशी माणसं फार थोडी आहेत, ज्यांनी जाणून, रोगाची नोंद झालेल्या जनावराचं एवढं मांस खाल्लंय. त्याची तयारी असेल तर दरवर्षी भेटायचं, चालणं बघायचं, बोलणं बघायचं, आठवण बघायची. वीस वर्षं, पंचवीस वर्षं. त्यातून पुढच्यांना खरं उत्तर देता येईल. आणि शेवटी, म्हणजे पुढेमागे, कशानेही मृत्यू आला तरी, ती थांबली.

“डोकं हवंय,” तार्याय म्हणाला.

बाई म्हणाली, मेंदू, हो. विचार करायला वेळ घ्या.

“वेळ कशाला? हिने अख्ख्या दरीकडून डोकी मागितली. सगळ्यांनी आणून दिली. मी एक लपवलं.” त्याने पेन मागून घेतलं. “माझं घ्या.”

मग बाईने विचारलं, त्या वेळी कुणाला कळवायचं, जवळचं कोण आहे? त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “हिलाच कळवा. हिचा हात स्वच्छ चालतो.”

साक्षीदार म्हणून माझी सही लागली. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी आहे. रीतीने मीच आधी जायला हवी. सही करताना मी तेवढंच मागितलं.